तिकिटावरच्या दीड तासास अनावृत पत्र

रा. रा. दीड तास यांसी,
मुक्काम : नागपूर-मुंबई विमानाचे तिकीट

स. न. वि. वि.

पत्रास कारण, आपला जाहीर सत्कार. नागपूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे 685 किलोमीटर. विमान एकदा वर गेलं की ताशी आठशेच्या आसपास पळतं. चढणं-उतरणं धरूनही, सगळं सुरळीत असेल तर सव्वा तासाच्या आत चाकं पुन्हा जमिनीला टेकतात. मग आपण दीड कसे झालात? आमच्याकडे अशांना दीडशहाणे म्हणतात, पण ते सोडा.

चौकशी केली तेव्हा कळलं, आपण उड्डाणाची वेळ नाहीच. विमान जागेवरून हललं की आपण सुरू होता आणि मुंबईत ते उभं राहून चाकांना ठोकळे लागले की संपता. मधलं रांगणं, ताटकळणं सगळं आपल्या पोटात. त्यात मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम चालवता येत नाहीत. म्हणजे उतरण्याआधी कधी पालघर, कधी अलिबाग न्याहाळत घिरट्या आल्याच. हिवाळ्यात पश्चिमेचा वारा समोरून येतो, तेही कबूल.

पण ज्या दिवशी यातलं काहीच घडत नाही, त्या दिवशी आपला खरा थाट. ‘आपण नियोजित वेळेच्या पंधरा मिनिटे आधी पोहोचलो आहोत,’ अशी घोषणा होते आणि शेजारचे काका स्वतःच विमान चालवल्यासारखे हसतात. शिवाय वक्तशीरपणाच्या आकडेवारीत पंधरा मिनिटांच्या आतला उशीर हा उशीरच नव्हे! पेपर आपणच काढायचा, वेळही आपणच वाढवून घ्यायची आणि वर ग्रेसचे मार्क.

त्या लवकर पोहोचण्याचं पुढे काय होतं, ते सांगतो. पट्ट्याची खूण विझायच्या आत अर्धं विमान बॅगा डोक्यावर घेऊन मधल्या वाटेत उभं. दार उघडत नाही, कारण शिडी यायचीय. शिडी येते, मग बस यायचीय. बस येते आणि शेवटचा प्रवासी मोबाइल शोधत उतरेपर्यंत हलत नाही. मग सामानाचा पट्टा, त्यावर गोल गोल फिरणारी एकच बेवारस निळी बॅग. कमावलेली पंधरा मिनिटं तिथेच खर्ची पडतात. नागपुरात काउंटर तासभर आधी बंद होतो म्हणून घर त्याहून लवकर सोडायचं, आणि मुंबईत उतरून डोंबिवली गाठायची. दारापासून दारापर्यंत सहा तास कुठेच गेले नाहीत.

समृद्धी महामार्गाचे आठ तासही आपल्याच कुळातले. 701 किलोमीटरचा हा रस्ता 5 जून 2025 रोजी पूर्ण खुला झाला, पण ते आठ तास नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंतचे. आमण्याहून पुढे भिवंडीच्या ट्रकांमागे जे तास जातात, त्यांचा हिशेब कोण ठेवतो? त्यापेक्षा दुरांतो बरी. रात्री चादर ओढायची, सकाळी सीएसएमटी; निदान मधली झोप तरी आपली.

विनंती एवढीच की तिकिटावर हवेतला वेळ वेगळा आणि आपलं पोट वेगळं छापून घ्यावं. उत्तराची वाट पाहतो. पंधरा मिनिटं उशिरा आलं तरी वेळेवरच धरू.

आपला,
बेल्टशेजारी ट्रॉली धरून उभा असलेला
एक नागपूरकर