सेकंदराव

आमच्या कचेरीच्या पॅन्ट्रीत मायक्रोवेव्ह एक, डबे चाळीस आणि जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. हा हिशेब अकाउंट्समधल्या सेकंदरावांनी आपणहून अंगावर घेतला आहे. खरं नाव पगारपत्रकात आहे. तोंडात मात्र कुणाच्याच नाही.

एकच्या ठोक्याला रांगेत पहिला नंबर त्यांचा. आमटी आत जाते. अर्ध्या मिनिटाने बाहेर येते. सेकंदराव ती तळापासून ढवळतात, करंगळीचं टोक बुडवतात, मान हलवतात आणि पुन्हा अर्धं मिनिट लावतात. यंत्राला ‘बीप’ ते कधीच करू देत नाहीत. एक सेकंद उरला की दार उघडलंच. तो सेकंद मागच्याच्या खात्यात जमा.

मग आमची पाळी, म्हणजे त्यांचीच. “पोळ्या कोरड्या घालताय? कागदाला पाण्याचा हबका मारा, त्यात गुंडाळा. वीस सेकंद. पाणी उडालं की पोळीची चप्पल होते.” भाताला पाण्याचा शिपका आणि सैल झाकण. भाजी वाटीच्या कडेने पसरून मध्ये खळगा. पापड मात्र नुसता. त्याची ते स्वतः डोळा लावून राखण करतात, कारण फुलणं आणि करपणं यांत फरक दोन-चार सेकंदांचाच.

आतली तबकडी का फिरते, हे नव्या पोरांना सांगितल्याशिवाय त्यांना घास उतरत नाही. “लहरी आत सगळीकडे सारख्या पडत नाहीत. एका जागी कढ, शेजारी गारठा. म्हणून फिरवायचं, म्हणून ढवळायचं!” तेवढ्यात कुणाची उसळ आत फिरत असली, तर १९४५ साल निघतंच. अमेरिकेत रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर रडारच्या मॅग्नेट्रॉनपाशी उभा राहिला आणि खिशातलं चॉकलेट वितळलं. दोन वर्षांत ओव्हन बाजारात आला. माणसाएवढा उंच, वजन सुमारे ३४० किलो. “आणि हा स्पेन्सर शाळासुद्धा पुरी न केलेला!” असं म्हणून ते रांगेतल्या बी.ई., एम.टेक. मंडळींकडे सावकाश नजर फिरवतात. उसळ तोवर थांबलेली असते. “थांबू द्या. मिनिटभर मुरली की उष्णता आतपर्यंत पोचते.”

मध्यंतरी सेकंदराव आठवडाभर मुलीकडे नागपूरला गेले. सोमवारी रांग भराभर सरकली. लोक चक्क हसतखेळत जेवले. मंगळवारी कुणीतरी उकडलेलं अख्खं अंडं आत ठेवलं. आतली वाफ कोंडून ते असं फुटलं, की बलक छतापासून तबकडीपर्यंत. बुधवारी सोनेरी काठाच्या वाटीने ठिणग्या उडवल्या. गुरुवारी सुके बोंबील तीन मिनिटं फिरले आणि एच.आर.चं परिपत्रक निघालं.

शुक्रवारी डिस्पॅचच्या मॅडमनी फोन स्पीकरवर टाकला. फ्रिजमधली पुरणपोळी हातात, सगळी रांग कान देऊन उभी.

“राव, पुरणपोळी किती सेकंद हो?”

पलीकडे क्षणभर शांतता. मग खर्जातला, तृप्त आवाज आला, “घाई करू नका. आधी सांगा, तूप लावलंय की लावायचंय?”