भट्टी पेटली, सीडी पेटेना

(जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्सची लाइव्ह सीडी सुरू न झाल्यास अनुसरावयाची कार्यपद्धती)

प्रस्तावना. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. अशा गावात राहून घरातला जुना पेंटियम एका सीडीवर सुरू होऊ नये, ही बातमी शेजारच्या क्वार्टरपर्यंत जाता कामा नये. प्रस्तुत कार्यपद्धती अशा मराठी गृहस्थांसाठी आहे, जे प्लँटमधून निवृत्त झाले, पण ज्यांच्यातून प्लँट निवृत्त झाला नाही.

साहित्य. चष्मा, टॉर्च, लॉगबुक म्हणून जुनी डायरी, चहा. हेल्मेट ऐच्छिक. पत्नीची शिफ्ट इन्चार्ज म्हणून नेमणूक करावी. ती आधीपासूनच आहे. फक्त नोंद करायची आहे.

कलम १ : सीडीची तपासणी. सीडी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहावी. आत 'आयएसओ' नावाची एकच मोठी फाइल दिसली, तर सीडी करून देणाऱ्या भाच्याने ती जशीच्या तशी कॉपी केली आहे असे समजावे. पेढ्यांचा खोका न उघडता नैवेद्य दाखवला, तर देव काय खाणार? फाइल 'इमेज' म्हणून, कमी वेगाने राइट करावी. त्याआधी तिचा चेकसम संकेतस्थळावर दिलेल्या चेकसमशी जुळवावा. तो बहुधा ६४ अक्षरांचा असतो. एकाने मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने टिक करावी. चाळिसाव्या अक्षराला दाराची बेल वाजते. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी.

कलम २ : मापाची तपासणी. सीडीत सुमारे ७०० एमबी मावतात. उबुंटू या लिनक्सने २०१२ साली ही मर्यादा ओलांडली, तेव्हापासून डीव्हीडी किंवा पेनड्राइव्ह लागतो. ड्राइव्हच्या दारावर फक्त सीडीचे चिन्ह असेल, तर त्यात डीव्हीडी घालून देवाचे नाव घेत बसू नये. ड्राइव्ह घुरघुरतो ते प्रयत्न म्हणून नव्हे, तक्रार म्हणून.

कलम ३ : रांगेची तपासणी. मशीन सुरू होताना अनेकदा आधी हार्ड डिस्ककडे जाते, सीडीकडे पाहतही नाही. बायोसमध्ये जाऊन सीडीला पहिला नंबर द्यावा. त्यासाठी कुठे एफ-२, कुठे डिलीट, कुठे एफ-१२ दाबावे लागते. अनुभवी गृहस्थ तिन्ही बटणे पेटीवर भजन वाजवल्यासारखी दाबतात. रोज दिलेला नंबर मशीन रोज विसरत असेल आणि घड्याळ २००२ साल दाखवत असेल, तर आतला सीआर-२०३२ सेल संपला आहे. सेल बदलावा. विसराळूपणाचा दोष वयाला देऊ नये, मशीनच्या किंवा स्वतःच्या.

कलम ४ : धूळ. भिलाईची धूळ कुठे पोचत नाही? ड्राइव्हच्या लेन्सवरही ती असते. तोंडाने फुंकर मारू नये. धुळीबरोबर चहाही पोचतो.

कलम ५ : मूळ कारण. एवढे झाल्यावर काळ्या स्क्रीनवर एक वाक्य येते. त्याचा मराठी सारांश: मला ६४ बिटी प्रोसेसर हवा होता, इथे ३२ बिटीच सापडला. हे वाक्य दिसताच बहुतेक घरांत मशीन तीनदा बंद-चालू केले जाते, नंतर भाच्याला फोन लावला जातो. वाक्य कोणीही पूर्ण वाचत नाही.

उबुंटूने ३२ बिटी डेस्कटॉप डिस्क काढणे २०१७ मध्येच थांबवले. २०२५ च्या डेबियन १३ मध्येही ३२ बिटी पीसीसाठी इन्स्टॉलर उरला नाही. अशा वेळी अँटीएक्स किंवा पपी या लिनक्सची ३२ बिटी आवृत्ती शोधावी. तक्रार प्रोसेसरमध्ये 'पीएई' ही सोय नसल्याची असेल आणि लॅपटॉपमध्ये पेंटियम एम असेल, तर धीर सोडू नये. या जातीच्या काही चिप्सना पीएई येते, पण त्या कबूल करत नाहीत. नव्या जावयाला भूक लागलेली असते, तसेच. उबुंटूच्या जुन्या डिस्कवर बूटच्या ओळीत 'फोर्सपीएई' लिहून आग्रह करावा. सगळे होऊनही नुसताच अंधार राहिला, तर 'नोमोडसेट' लिहून ग्राफिक्स कार्डाची समजूत काढावी.

निष्कर्ष. कलम ५ खरे तर कलम १ असायला हवे होते. प्रोसेसर कोणता, हे बायोसमध्ये दोन मिनिटांत कळते. मग डिस्क निवडायची, मग राइट करायची. आम्ही कलमे घडली त्या क्रमाने लिहिली आहेत, वाचकांनी पाळण्याच्या क्रमाने नव्हे. त्या काळातल्या अकरा सीड्या पोपट हाकलायला अंगणातल्या पेरूच्या झाडावर टांगल्या आहेत.

तिथेही त्या चालत नाहीत.