नागरिक सेवेसी हजर

प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर नागरिकांची सनद असते. चारित्र्य पडताळणी, ध्वनिक्षेपकाचा परवाना, भाडेकरूची नोंद, कागदपत्र गहाळ झाल्याचा दाखला अशा सेवा आणि त्यांपुढे लागणारे दिवस. हा फलक बहुधा ठाणे अंमलदाराच्या खुर्चीमागे असतो. त्यामुळे तो निवांत वाचण्याची सोय फक्त आरोपींना आहे. शिवाय सनद अपुरी आहे. ठाणे नागरिकाला काय देईल हे तीत आहे, नागरिकाने ठाण्याला काय द्यायचे हे नाही. लोकहितार्थ ती उणीव आम्ही भरून काढत आहोत.

पहिली सेवा हद्दनिश्चितीची. पाकीट मारले गेले असेल तर ते दुभाजकाच्या अलीकडे मारले गेले की पलीकडे, हे नागरिकाने ठरवून यावे. अलीकडे असेल तर पलीकडच्या ठाण्यात पाठवले जाईल, पलीकडे असेल तर अलीकडच्या. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 173 म्हणते की हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्या. कायदा दिल्लीहून निघाला आहे. ठाण्याच्या पायरीपर्यंत पोहोचताना तोही कुणाच्या तरी हद्दीत अडकला असावा.

दुसरी सेवा मूल्यांकनाची. नव्या फौजदारी कायद्यांनुसार 5,000 रुपयांहून कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र झाली. तेव्हापासून जुन्या मोबाइलचा भाव ठाण्याइतका काटेकोर कुठल्याच दुकानात होत नाही. "काका, घेतला केवढ्याला? किती वर्षं झाली? काचेला तडा होता ना?" असे करत करत अठरा हजारांचा फोन चार हजार नऊशेवर येतो. तरीही नागरिक हटून बसला, तर मायेने विचारले जाते, "चोरीलाच गेला कशावरून? रिक्षात राहिला असेल. गहाळ लिहा, सिमकार्ड लगेच मिळेल." सिमकार्ड खरोखरच लगेच मिळते. चोराला फोन, नागरिकाला दाखला आणि ठाण्याला गुन्हे घटल्याचा तक्ता. एका कागदात तिघांचे समाधान करणारे दुसरे खाते आम्हाला ठाऊक नाही.

गुन्हा दाखल झालाच, तर तपासाची सेवा सुरू होते. डेअरीवाल्याला विनवून, सोसायटीच्या सेक्रेटरीला चहा पाजून नागरिकाने सीसीटीव्हीचे चित्रण मिळवावे. पेन ड्राइव्ह स्वतःचा आणावा, तो परत मागू नये. चोर ओळखू आला, तर पत्ताही काढून ठेवावा. पंचनाम्यासाठी दोन पंच, झेरॉक्स आणि गाडीची व्यवस्था झाली की उरलेला तपास पोलीस करतात.

ध्वनिक्षेपकाच्या तक्रारीची सेवा मात्र तत्पर आहे. रात्री 10 नंतर 112 वर फोन करा, बीट मार्शल येतात. आवाज खाली येतो, मोटरसायकल वळते, आवाज वर जातो. दरम्यान मंडळाला आपुलकीने सांगितलेले असते, "बाकी काही नाही, ते बी विंगमधले काका तक्रार करतात, जरा सांभाळा." पुढल्या वर्षी वर्गणीच्या पावतीवरचा आकडा काकांना विचारून टाकला जात नाही.

पासपोर्टच्या पडताळणीत नागरिकाचे चारित्र्य शेजाऱ्यांनी सांगायचे असते. पार्किंगवरून ज्यांच्याशी बोलणे बंद आहे, नेमके तेच त्या वेळी घरी असतात.

आता हवालदाराची बाजू. गणपती, नवरात्र, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा, क्रिकेटचा सामना, मोर्चा आणि त्यावरचा प्रतिमोर्चा या सगळ्यांना बंदोबस्त लागतो. चोरीला बंदोबस्त लागत नाही, ती बंदोबस्ताच्या काळात बिनबोभाट होते. सकाळपासून बॅरिकेडला टेकून उभा राहिलेला माणूस संध्याकाळी तुमची फिर्याद टंकायला बसतो, तेव्हा तुमचा फोन गहाळ झालेला असावा ही त्याची प्रामाणिक प्रार्थना असते. आणि वरच्या साहेबांना बैठकीत तुमचा फोन दाखवायचा नसतो, गुन्ह्यांचा आलेख दाखवायचा असतो. गुन्हे घटल्याबद्दल पाठ थोपटली जाते, गुन्हे नोंदवल्याबद्दल नाही. हे गणित बदलेपर्यंत दुभाजकाच्या दोन्ही बाजूंना हेच चालेल.

तोवर वाचकहो, ठाण्यात जाताना पेनाबरोबर एवढी माहितीही खिशात ठेवा. माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल, तर तो नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितले आहे. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. तक्रार ई-मेलने कळवता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ठाण्याने नकार दिला, तर कलम 173(4) खाली तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवा. तिथेही दाद लागली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. टपालाची पावती मात्र जपून ठेवा, ती गहाळ झाली तर दाखल्यासाठी पुन्हा त्याच ठाण्यात जावे लागेल.