सेन्सरी मॅडम

कोथरूड, बाणेर, ठाण्याचा घोडबंदर रोड, कुठेही जा. तळमजल्यावरच्या फ्लॅटच्या भिंतीवर ढग आणि गेटवर रंगीत पेन्सिली दिसल्या की आत सेन्सरी मॅडम असणारच. कॉटनचा कुर्ता, गळ्यात लटकणारा चष्मा, नखांत कॉर्नफ्लोअर. त्यांचा 'फार्म वीक' जवळ आला की कोपऱ्यावरच्या वाण्याकडचा राजमा संपतो. खायला नव्हे, हात घालायला.

टबात हिरवा रंगवलेला तांदूळ, ते गवत. राजमा ही ढेकळं. मक्याचे दाणे हे मात्र मक्याचे दाणेच. चिखल मैदा आणि कोको पावडरचा, कारण खऱ्या मातीबद्दल पालकांच्या ग्रुपवर फार चौकशी होते. एकदा मॅडमनी खरी माती आणली होती, पण आधी चाळून, मग ओव्हनमध्ये भाजून. अर्ध्या पालकांनी तिची रेसिपी मागितली.

धार काढण्याचा तास बघण्यासारखा. रबरी हातमोज्यात पाणी घातलेलं दूध भरायचं, बोटांना टाचणीनं भोकं पाडायची आणि मोजा खुर्चीच्या दांडीला टांगायचा. हातमोज्याला बोटं पाच, गाईला सड चार. म्हणून अंगठ्याला मॅडम न विसरता गाठ मारतात. अशा बाबतीत त्या काटेकोर. "जेंटली हं कबीर, काऊला दुखतं!" कबीर खाली तोंड लावून बसलेला असतो, खऱ्या वासरासारखा. त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

हसू येतं, पण बाई अडाणी नाहीत. राजमा चिमटीत धरता आला की पुढे पेन्सिल धरणं सोपं जातं, हे त्या सांगतात ते खरंच आहे. तीन वर्षांखालच्यांना त्या कडधान्य देत नाहीत, शिजवलेला साबुदाणा देतात. चणा नाकात गेला की ओलाव्यानं फुगतो, आणि मग फार्मची सहल थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे निघते.

मॅडमच्या भिंतीवर माँटेसरीबाईंचा फोटो आहे, ताराबाई मोडकांचा नाही. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा चालवली. तिथं शाळा गुरांकडे जायची. इथं गुरं शाळेकडे येतात, कुरिअरनं, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. खिलार मिळेल का, असं मॅडमनी विचारलं होतं, कॅटलॉगमध्ये नव्हता.

या सगळ्या शेतीचा गाडा ओढतात त्या मावशी. त्या मुळशीकडच्या, घरी भाताची खाचरं. मुलं सकाळभर तांदूळ, मसूर, राजमा वेगवेगळ्या वाट्यांत निवडतात आणि त्याला टाळ्या मिळतात. मुलं गेली की मावशी ते सगळं पुन्हा टबात ओतून कालवतात, उद्याच्या बॅचसाठी.

"जन्मभर निवडत आले बाई," त्या म्हणतात, "मिसळायचा पगार इथंच मिळाला."

पुढच्या आठवड्याची थीम समुद्र. निळा रंग, खडेमीठ आणि रबरी ऑक्टोपस येऊन पडलेत. वासाचं काय करायचं, या विचारात मॅडम आहेत. मावशींनी सुकट सुचवली आहे. पालकांच्या ग्रुपवर मतदान चालू आहे.