तीन प्रतींत

हुबळीच्या कोप्पीकर रोडवर संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही, पण अर्जकाका हमखास मिळतात. एखाद्या बंद शटरच्या पायरीवर बसलेले, मांडीवर रेक्झिनची बॅग, बॅगेवर फुलस्केप, त्याखाली कार्बन. खिशात तीन पेनं: निळं लिहायला, काळं सहीला आणि लाल साहेबांच्या उत्तरातल्या चुका काढायला. समोर कुणीतरी उकिडवा बसलेला. तो धारवाडच्या तुरुंगातून नुकताच सुटलेला असतो, नाहीतर त्याचं बिऱ्हाड नुकतंच रस्त्यावर आलेलं असतं. बहुतेकदा दोन्ही.

काकांनी नोकरीची सगळी वर्षं एका सरकारी कचेरीत लोकांचे अर्ज परत पाठवण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर ते अर्ज लिहायला लागले. त्यामुळे कागद कुठल्या त्रुटीवर परत येणार, हे त्यांना आधीच दिसतं. "चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक," असं ते म्हणतात आणि समोरचा सुटलेला माणूस चपापला की घाईनं सांगतात, "तुला नाही रे बाबा, मला म्हणतोय."

विषय आणि संदर्भ लिहिल्याशिवाय त्यांना विचारच करता येत नाही. घरी भाजी खारट झाली तर, "विषय: मिठाबाबत. संदर्भ: परवाची आमटी." काकूही कच्च्या नाहीत. "योग्य त्या कार्यवाहीसाठी," म्हणत त्या ताटच उचलतात. एका लग्नात काकांनी आहेराच्या पाकिटातून चुकून निवेदनाची प्रत दिली. वधूपित्यानं गर्दीत त्यावर सही केली. ती सही काकांनी जोडपत्र 'क' म्हणून लावली.

त्यांचं दुखणं एकच, पत्ता. तुरुंगातून सुटताना माणसाच्या हातात सुटकेचा कागद पडतो आणि आत केलेल्या कामाची थोडीफार मजुरी. तोवर बायकोमुलांची खोली गेलेली असते. खोलीला डिपॉझिट लागतं, डिपॉझिटला काम, कामाला आधार कार्ड, रेशनला कार्ड, आणि प्रत्येक कार्डाला पत्ता. काका हे सगळं एका दमात म्हणतात आणि दर वेळी बरोबर पत्त्यावर समेला येतात. शेवटी गंगूबाई हनगलांचं गाव आहे.

त्यात पत्ता असलाच आणि तो 'सेटलमेंट' असला, की खिडकीतला कारकून मान वर करतो. हुबळीत या नावाची वस्तीच आहे. इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायद्याखाली माणसांना जन्मानंच गुन्हेगार ठरवून अशा वस्त्यांत ठेवलं, त्यांची हजेरी लावली. कायदा गेला, वस्तीचं नाव राहिलं. म्हणून त्या वस्तीतल्या माणसाचा अर्ज जन्मदाखल्यासाठी असो की नळासाठी, काका वर ठळक लिहितात, "संदर्भ: कायदा रद्द, दि. ३१ ऑगस्ट १९५२."

दानधर्माचा त्यांना मनस्वी राग. थंडीत कुणी चादरी वाटायला आलं की काका आडवे जातात. "चादर नको, धोरण पाहिजे! सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली मोठ्या शहरांना सांगितलंय, लाख वस्तीमागे एक रात्रनिवारा. २०११ च्या शिरगणतीत हुबळी-धारवाड नऊ लाखांच्या वर. करा हिशेब! जगातला सगळ्यात लांब प्लॅटफॉर्म आपल्या स्टेशनात, १५०७ मीटर. आणि पाठ टेकायला सहा फूट नाहीत?" एवढं ऐकून झाल्यावर मागून आवाज येतो, "काका, धोरण येईस्तोवर चादर घेऊ का?" काका विचार करतात. "घे. पण निषेध नोंदवून घे."

एकदा एका साडीच्या दुकानाचे शेटजी बाहेर आले. दारात एक बाई दोन पोरांना घेऊन बसली होती.

"काका, ह्यांना उठवा की. गिऱ्हाईक आत येईना झालंय."

"मालमत्ता कराची पावती आणा."

"ती आणि कशाला?"

"आणा तर."

शेटजींनी पावती आणली. काकांनी लाल पेनानं एका ओळीखाली रेघ मारली. कर्नाटकात १९७५ च्या भिक्षाबंदी कायद्यानुसार मालमत्ता करावर तीन टक्के उपकर बसतो, भिकाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी. "बघा, ह्यांच्यासारख्यांच्या नावानं तुम्ही दरसाल पैसे भरता. ते जातात कुठं, कधी विचारलंत?"

शेटजी पावती उलटीसुलटी करून बघत राहिले. "मग ते पैसे मला परत द्या म्हणावं. मीच ह्यांना दोन वेळ जेवायला घालतो."

"तसं लिहून द्या," म्हणत काकांनी कार्बन सरळ केला. शेटजींनी लिहून दिलं नाही. गिरमीट आणि चहा मात्र सगळ्यांना सांगितला. बाईनं गिरमीट पोरांना दिलं आणि काकांना विचारलं, "ह्याच्यावर सही करायची असते काय?"

काकांचं खरं यश नमुना ६. मतदार यादीत नाव घालायला बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा लागत नाही. निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे बीएलओनं, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यानं, रात्री त्या जागी जाऊन माणूस तिथं खरंच झोपतो का ते बघायचं, तेही एकाहून जास्त रात्री. तुरुंगात असेपर्यंत मत देता येत नाही, सुटल्यावर येतं. काकांनी त्या बाईचा आणि तिच्या सुटून आलेल्या नवऱ्याचा अर्ज भरला. आजवर रात्री पोलीस यायचे ते उठवायला. आता सरकारी माणूस झोपलोय का ते बघायला येणार, या धास्तीनं नवराबायकोला झोपच येईना. बीएलओ म्हणजे शाळेतल्या बाई, टॉर्च घेऊन आल्या.

"झोपलात का?"

"होय बाई."

"मग बोलताय कसे?"

काका शेजारीच उभे. "लिहा बाई, जागृत मतदार."

दोघांची नावं यादीत आली. घर अजून नाही, रात्रनिवाऱ्याच्या निवेदनावर 'पुढील कार्यवाहीसाठी' एवढाच शेरा आहे. पण निवडणूक जवळ आली तसा एक उमेदवार त्या दोघांपुढं हात जोडून उभा राहिला. काकांनी त्यालाही निवेदन दिलं, तीन प्रतींत, आणि पोच मागितली. उमेदवारानं आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईला 'अक्का' म्हणून सही केली.

काकांची थट्टा आम्ही सगळेच करतो, तुम्हीही करा. पण नमुना ६ ला फी नाही आणि बेघराला पत्त्याचा पुरावाही लागत नाही. तुमच्या दारासमोर कुणी झोपत असेल, तर त्याला उठवण्याआधी तेवढा एक अर्ज भरून द्या.