वीतभर पाण्याचा हिशेब

खाणवाल्यांनी गोव्याला पाणी दिलं नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. डिचोली तालुक्यात मुळगाव, शिरगाव, मये या पट्ट्यात जिथे डोंगर होते तिथे आता पाणी आहे. हिरवंनिळं, शांत, फोटोत तर अप्रतिम. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या, बऱ्याच खंदकांत पाणी चढलं, आणि दुर्बीणवाल्यांनी जाहीर केलं की निसर्ग परतला!

परतलेला निसर्ग बघायला जावं, तर एक पाणकावळा. बुडी मारून मासा धरणाऱ्याचं खोल पाण्यात भागतं. पण शेकाट्याचे पाय असतात वीतभर, तुतवाराचे तर बोटाएवढेच. त्यांना उभं राहायला तळ लागतो. खंदकाचा काठ सरळ खाली जातो. तिथे तुतवाराने उभं राहायचं कुठे?

गावाच्या शेतात ही सोय फुकट होती. हिवाळ्यात वायंगण भाताच्या मेरेवरून चाला. पाणलावा चिखलाच्या रंगात इतका मिसळून बसतो, की पाय पडायला एक पाऊल उरलं तेव्हाच खरखरीत ओरडून नागमोडी उडतो. आपण दचकतो, तो पलीकडच्या वाफ्यात उतरून पुन्हा लांब चोच चिखलात खुपसतो. चिखल मऊ हवा, एवढीच त्याची अट. आता खाणीत एक टन खनिजामागे दोन-तीन टन माती-दगड निघतो, त्याचा डंप होतो, पावसात तो ओहळातून खाली येतो. शेतात बसलेला हा लाल गाळ उन्हात विटेसारखा वाळतो. तिथे भात नाही, किडा नाही, चोच शिरत नाही.

हे पर्यावरण अहवालात का येत नाही? येईल कसं! पाहणी एका हंगामाची चालते, आणि तीही पावसाळा वगळून. डंप खाली उतरतो तो नेमका पावसाळ्यात. साळुंकी, कावळा, गायबगळा यांची यादी मात्र बिनचूक असते.

पेडण्यातही पाणी खोल करण्याची हौस दांडगी आहे. तेरेखोल नदीत रात्री होड्या लावून रेती उपसतात. तळ खचला की काठ ढासळतो, काठावरचा माडही जातो. ओहोटीला उघडी पडणारी रेती बांधकामावर गेली, तर चिखल्याने चरायचं कुठे, हे विचारायला तो मामलेदार कचेरीत येत नाही.

मुळगावची माणसं तरी विचारताहेत. डिसेंबर २०२२ मध्ये लिलाव झालेला डिचोलीचा पहिला खनिज ब्लॉक सुमारे ४७८ हेक्टरांचा. त्यात मुळगावचीही जमीन आहे. एप्रिल २०२४ मध्ये खाण पुन्हा सुरू झाली. घरं, देवळं, तळी, शेतं लीजमधून वगळा, ही गावाची मागणी. ज्या कागदावर केळबाय देवीच्या या गावाचं तळंसुद्धा खनिजक्षेत्र ठरतं, तिथे पाणलाव्याची काय कथा?

खाण बंद करण्याचे आराखडे निघतात तेव्हा खंदकाला 'जलाशय' म्हणतात, पुढे मासेपालन आणि नौकाविहार लिहितात. नौकाविहार करा, हरकत नाही. पण एका बाजूचा काठ उतरता कापा, म्हणजे कडेला वीतभर पाणी राहील. आणि शेतातला गाळ काढायचा खर्च त्याच आराखड्यात, नौकांच्या वरच्या ओळीत घाला. खणायला यंत्रं होती, तशी उतार द्यायलाही असतीलच.