अर्धीच तर घेतो!

झोपेची गोळी घेणारा माणूस आपल्याकडे शोधूनही सापडत नाही. सापडतात ते सगळे अर्धी घेणारे. ‘अर्धीच घेतो हो, तीसुद्धा पॉइंट पंचवीसची,’ हे सांगताना काकांच्या चेहऱ्यावर जो संयम झळकतो, तो एकादशीला साबुदाण्याची तिसरी वाटी नाकारणाऱ्याच्याही चेहऱ्यावर दिसत नाही. कधीपासून घेता? ‘बायपास झाली तेव्हापासून.’ बायपास झाली तेव्हा नातू बालवाडीत होता. नातू आता इंजिनिअरिंगला आहे.

डॉक्टरांनी गोळी दिली होती दहा दिवसांसाठी. तसं चिठ्ठीवर लिहिलंही होतं. पण चिठ्ठीची घडी पडून पडून तिथला मजकूर पुसला गेला, आणि पुसला गेला तो नेमका ‘दहा दिवस’ एवढाच. गोळीचं नाव अजून ठसठशीत आहे.

सरकार झोपलं होतं म्हणावं, तर तसंही नाही. मार्च २०१४पासून अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही मंडळी ‘शेड्यूल एच-वन’मध्ये आहेत. पाकिटावर लाल चौकट. दुकानदारानं वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, गोळी आणि संख्या लिहायची, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. नियमात खोट काढायला जागा नाही. फक्त मेडिकलवाल्याचं दुकान सोसायटीच्या गाळ्यात आहे आणि काका सोसायटीचे चेअरमन आहेत. चिठ्ठी मागायची कुणी?

बरं, काका एकटे खातील तर शपथ. शेजारच्या जोशीबाईंना झोप येत नाही म्हटल्यावर पट्टीतल्या दोन गोळ्या कात्रीनं कापून वाटीतून पोचत्या होतात. लोणच्याची फोड द्यावी तशा. जोशीबाई घोरतात का, घोरताना मध्येच त्यांचा श्वास अडकतो का, गुडघ्यासाठी ट्रॅमाडॉल चालू आहे का, सर्दीची गुंगी आणणारी गोळी रात्री घेतात का, यातलं एकही विचारलं जात नाही. काकांना स्वतःलाही शनिवारचे दोन पेग आठवत नाहीत. दारू, अफूच्या जातीची वेदनाशामकं आणि या गोळ्या यांचं एकत्र जमलं की श्वास मंदावतो, प्रसंगी थांबतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ साली अफूच्या जातीची औषधं आणि अल्प्राझोलामच्या जातीच्या गोळ्या या जोडीवर आपला सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. त्याच प्रशासनानं २०१३मध्ये बायकांसाठी झोल्पिडेमचा सुरुवातीचा डोस दहावरून पाच मिलिग्रॅमवर आणला होता, कारण बायकांच्या शरीरातून ते सावकाश उतरतं आणि सकाळी गाडी हाती घेताना डोक्यात उरलेलं असू शकतं. आमच्याकडे नवऱ्याची गोळी बायको घेते आणि सात वाजता स्कूटरवरून मंडईत जाते. २०१९मध्ये आणखी एक इशारा आला : झोल्पिडेमच्या जातीच्या गोळ्या घेऊन काही माणसं झोपेतच उठली, चालली, गॅस पेटवून स्वयंपाकाला लागली, गाडीसुद्धा घेऊन निघाली, आणि सकाळी त्यांना काही आठवेना.

साठी उलटलेल्यांचं दुखणं याहून साधं आहे. रात्री दोनला लघवीला उठायचं, पाय जडावलेले, मोरीत फरशी ओली. खुब्याचं हाड मोडतं. मग ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतर झोप येत नाही म्हणून गोळी.

आता दुसऱ्या टोकाचे वीर. एका रविवारी यांना व्हॉट्सॲपवर साक्षात्कार होतो आणि बारा वर्षांची पट्टी थेट कचऱ्यात जाते. पुढच्या दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, हात थरथरतात, जीव घाबरा होतो. तिसऱ्या दिवशी ते जाहीर करतात, ‘बघा, गोळीशिवाय मला झोप लागतच नाही!’ पण तो निद्रानाश मूळचा नाही, गोळी एकदम तोडल्याचा आहे. मोठा डोस खूप वर्षं चालला असेल, तर एकदम बंद केल्यावर फिटसुद्धा येऊ शकते. डॉक्टर ती थोडी थोडी उतरवतात, आठवड्यांच्या, कधी महिन्यांच्या हिशोबानं. पण त्यासाठी डॉक्टरकडे जावं लागतं, आणि चेअरमनला रांगेत बसणं जड जातं.

गोळीवर माझा राग नाही. घरातलं माणूस गेल्यावर चार रात्री डोळा लागत नसेल, तर डॉक्टरांनी दिलेली जरूर घ्यावी. अंथरुणात शिरताना, पुढचे सात-आठ तास मोकळे असतील तेव्हाच. आणि ती बंद कधी करायची, हे सुरू करतानाच विचारून घ्यावं.

जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय मात्र गोळी नाहीच. अमेरिकी फिजिशियनांच्या संघटनेनं २०१६ साली तसं स्पष्ट सांगितलं : आधी सीबीटी-आय, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेची धास्ती या दोन्हींवरची वागणुकीची उपचारपद्धत. यात पहिल्याप्रथम झोपेची डायरी लिहायला लावतात. काकांच्या सुनेनं त्यांची लिहिली. रात्री साडेनऊ ते अडीच : पाच तास. दुपारी जेवणानंतर ‘जरा पाठ टेकतो’ : दीड तास. संध्याकाळी मालिका बघता बघता : अर्धा तास. बेरीज सात. या वयाला भरपूर झाली.

डॉक्टरांनी वही पाहून उपाय सांगितला. रात्री अकराच्या आत अंथरूण नाही, सकाळी कितीही कंटाळा आला तरी साडेपाचला उठायचं, आणि दुपारी आडवं व्हायचं नाही.

काका खुर्चीतून अर्धे उठले. ‘दुपारची सोडू? त्यापेक्षा डॉक्टर, अख्खी लिहून द्या.’